साठ बरण्या आणि तीन नंबरची वात

रोडपालीतल्या एका गृहसंकुलाने २०१८ साली आपल्या दशकपूर्तीची स्मरणिका काढली. गुळगुळीत कागद, अध्यक्षांची तीन छायाचित्रे, पाण्याच्या टाकीवर एक कविता आणि बाकी जाहिराती. तिच्या एकेचाळिसाव्या पानावर 'आमच्या ज्योतिर्मयी' या मथळ्याखाली सौ. वसुंधरा देवस्थळी यांच्यावर दीड पानांचा लेख आहे. त्यात तथ्य म्हणून मांडलेली अकरा विधाने आहेत. उपलब्ध कागद आणि हयात माणसे यांच्याशी ती एकेक करून ताडून पाहिली. त्यांपैकी दोन निर्विवाद खरी ठरतात: बाईंचे नाव आणि त्यांचा सदनिका क्रमांक. त्या 'अत्यंत निगर्वी' आहेत हे तिसरे विधान पुराव्याअभावी बाजूला ठेवावे लागले. उरलेल्या आठांपैकी सात किरकोळ थापा आहेत, आणि अशा स्मरणिकांतून त्या चालून जातात. आठवे विधान असे: 'कन्येच्या स्वागतसमारंभात वसुंधराताईंनी स्वहस्ते वळलेल्या वातींच्या साठही सोया मेणबत्त्या तीन तास अखंड तेवल्या आणि कार्य संपताच आपोआप शांत झाल्या.'

या एका वाक्यात तीन चुका आहेत, आणि त्यांतली एकही विस्मरणाने होण्यासारखी नाही. त्या दुरुस्त करायच्या तर बाईंचे चरित्र थोडक्यात सांगणे भाग आहे.

वसुंधराबाई दूरध्वनी खात्यात एकतीस वर्षे होत्या, आणि त्यांतली बहुतेक तक्रार विभागात गेली. आलेली तक्रार शांतपणे ऐकून घ्यायची आणि दोष तक्रारदाराच्याच घरातल्या वायरीत असल्याचे त्याला पटवून द्यायचे, हे त्यांचे काम. या कामात त्या तरबेज होत्या असे त्यांचे जुने सहकारी सांगतात. आणि यात अतिशयोक्ती वाटत नाही, कारण निवृत्तीनंतरही त्यांनी दुसरे काही केल्याचे दिसत नाही. २०१० साली हे कुटुंब डोंबिवली सोडून रोडपालीला आले. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून निघालेल्या ट्रकांची धूळ दिवसातून दोनदा खिडक्यांवर बसे, आणि वसुंधराबाई दिवसातून दोनदा ती पुसताना आपण इथे येण्याचा निर्णय घेतलाच नव्हता, असे पती गुरुदत्त यांना ऐकवीत. गुरुदत्त देवस्थळी सरकारी छापखान्यात मुद्रितशोधक होते. लोकांच्या चुका समासात खूण करून दाखवायच्या, त्यांवरून वाद घालायचा नाही, ही त्यांची आयुष्यभराची सवय होती. संसार टिकला तो या सवयीमुळे.

२०१३ च्या चातुर्मासात बाईंनी लक्षवातीचे व्रत धरले. कापसाच्या एक लाख वाती हाताने वळायच्या आणि तुपात भिजवून देवापुढे लावायच्या, असे हे व्रत. बायका ते गुपचूप करतात. वसुंधराबाईंनी मात्र जिन्याजवळच्या सूचनाफलकावर रोजचा आकडा लिहायला सुरुवात केली. कार्तिकात एक लाखाचा आकडा झळकला आणि पेढे वाटले गेले. या आकड्याबद्दल गुरुदत्तांना विचारले, तेव्हा त्यांनी आधी आतल्या खोलीचे दार लोटून घेतले.

"अकरा हजार माझ्या," ते म्हणाले. "टीव्ही बघताना हात रिकामेच असतात. शेवटच्या चाळीस हजार बाजारातून तयार आणल्या. तिला सांगू नका."

"त्यांना माहीत नाही?"

"माहीत आहे. तरी सांगू नका."

म्हणजे हिशेबाने एकोणपन्नास हजार. तोही काही लहान आकडा नव्हे. पण पुढे जे घडले ते एकोणपन्नास हजारांच्या नव्हे, लाखाच्या आत्मविश्वासावर घडले.

पुढच्या वर्षी वाशीच्या एका प्रदर्शनात बाईंनी काचेच्या बरणीतल्या सोया मेणबत्त्या पाहिल्या. सोयाबीनच्या तेलापासून केलेले पांढरे, मऊ मेण, त्यात सुगंधी तेल, मध्ये वात. घरी येताच त्यांनी निष्कर्ष काढला की यात शिकण्यासारखे काही नाही. मेण विकत मिळते, बरणी विकत मिळते, राहिली वात. आणि वातीच्या बाबतीत त्यांना कोण शिकवणार? जून २०१४ मध्ये 'गंधदीप वर्ग' सुरू झाला. त्याचे पत्रक उपलब्ध आहे. त्यात म्हटले आहे की बाजारातली विणलेली वात हा 'यंत्राचा निर्जीव धागा' असून या वर्गात 'संस्कारांची हाताने वळलेली फुलवात' वापरली जाते. पत्रकाच्या कार्यालयीन प्रतीवर या वाक्याच्या समासात पेन्सिलीने एक बारीक प्रश्नचिन्ह आहे. हस्ताक्षर गुरुदत्तांचे.

या वर्गाच्या चौथ्या रविवारी पनवेलहून फहमिदा मुकादम आली. चरित्रनायिका वसुंधराबाई असल्या तरी या कथेतली वात फहमिदाची आहे, म्हणून तिचीही ओळख करून देणे आवश्यक आहे. पनवेलच्या जुन्या मोहल्ल्यात पहिल्या मजल्यावर ती ब्लाउज शिवते. तिचा नवरा मुबारक दोह्याच्या एका हॉटेलात भांडारपाल. पाहुण्यांनी अर्धवट जाळून टाकलेल्या तीन सुवासिक मेणबत्त्या त्याने २०१२ साली रजेवर येताना आणल्या. दुसऱ्या बायकांनी त्या दिवाणखान्यात मांडल्या असत्या. फहमिदाने एक बरणी गरम पाण्यात ठेवून मेण सोडवले आणि ब्लाउजची शिवण उसवावी तशी ती मेणबत्ती उसवली. आतली वात विणलेली होती, तळाशी धातूच्या चकतीत अडकवलेली होती, आणि तिन्हींच्या वाती तीन वेगळ्या जाडीच्या होत्या. बरण्याही तीन वेगळ्या रुंदीच्या होत्या. एवढ्यावरून तिला कळायचे ते कळले. मुंबईच्या घाऊक बाजारातून तिने सहा जाडीच्या विणलेल्या वातींची रिळे आणवली, त्यांना स्वतःच एक ते सहा नंबर दिले आणि प्रत्येक नंबर प्रत्येक बरणीत जाळून पाहिला. या प्रयोगांची वही मला पाहायला मिळाली. पुढून गिऱ्हाइकांच्या छाती-कमरेची मापे, मागून मेणबत्त्यांची: बरणीचा आतला व्यास, वातीचा नंबर, तेल किती, आणि दर तासाला वितळलेल्या मेणाचे तळे किती सेंटिमीटर. सगळे शिवणाच्या टेपने मोजलेले. आपल्या हातून एकही बरणी फुटली नाही असे फहमिदा सांगते. वहीत मार्च २०१३ च्या नोंदीत एक फुटलेली आहे. ती नोंद दाखवल्यावर ती म्हणाली, "ती आधीचीच तडकलेली होती." असा खुलासा प्रत्येकाकडे तयार असतो, फरक इतकाच की फहमिदाने नोंद खोडली नव्हती.

एवढे येत असताना ती वर्गाला का गेली? "मला वाटलं, मॅडमना आणखी काही येत असेल," हे तिचे उत्तर.

त्या रविवारी वसुंधराबाईंनी कॉफीच्या धुतलेल्या बाटलीत मेण ओतून तुपात बुडवलेली फुलवात उभी केली. नवीन येणाऱ्यांना त्या जे सांगत तेच सांगितले: थंडीत तूप गोठते, गोठलेल्या तुपात फुलवात जळते, आणि सोया म्हणजे दुसरे काय, परदेशी तूपच.

"मॅडम," फहमिदाने विचारले, "ही बाटली आतून किती रुंद?"

"बाटलीएवढी," बाई म्हणाल्या. वर्ग हसला.

"नाही, सहा सेंटिमीटर असेल तर वात वेगळी लागते, आठ असेल तर वेगळी. म्हणून विचारलं."

"अगं फहमिदा, मी एक लाख वाती वळल्यात. एक लाख. त्यातली एकही मोजूनमापून वळलेली नाही."

"ते दिसतंय, मॅडम."

यावर वर्ग हसला की नाही याबद्दल दोन साक्षी दोन तऱ्हेने सांगतात. फहमिदा पुढच्या रविवारी गेली नाही एवढे निश्चित.

आता मुळातला प्रश्न. ज्या वातीने मेणबत्ती जळतच नाही, ती वात वापरून दीड वर्ष वर्ग चालला कसा? याचे उत्तर बाईंच्या घरच्या रीतीत आहे. त्यांच्या घरी दिवा तोंडाने फुंकत नाहीत. लावलेला दिवा आपल्या वेळेने जातो आणि त्यात कोणी ढवळाढवळ करत नाही. शिवाय मेणबत्ती लावून तिच्यापुढे आरतीपेक्षा जास्त वेळ बसण्याची त्यांना कधी गरज पडली नाही. फुलवात तुपामुळे पहिली दहा मिनिटे भपकन जळे. तेवढ्यात फोटो निघे, टाळ्या पडत आणि बाई चहा टाकायला उठत. अर्ध्यापाऊण तासाने येऊन पाहावे तर ज्योत गेलेली. दुसऱ्या कोणी त्याला विझणे म्हटले असते. बाईंच्या लेखी दिवा यथासांग पार पडलेला असे. बरणीत नव्वद टक्के मेण तसेच उरले आहे याकडे त्यांचे लक्ष गेले नाही असे नव्हे. ते त्या वितळवून पुढच्या रविवारी पुन्हा ओतत आणि सोयाला किती बरकत आहे हे विद्यार्थिनींना सांगत.

हे असेच चालू राहिले असते. पण २०१५ च्या ऑक्टोबरात बाईंच्या मुलीचे, मितालीचे, लग्न ठरले. मुलगा निनाद पुण्याचा, आणि त्याची आई पद्मजाबाई ही वसुंधराबाईंना आयुष्यात प्रथमच भेटलेली तोडीस तोड बाई. बैठकीत जेवणाचे, मानपानाचे सगळे बिनबोभाट ठरले. मग वसुंधराबाईंनी जाहीर केले की पनवेलच्या हॉलमधल्या स्वागतसमारंभात विजेचे दिवे मालवले जातील आणि साठ टेबलांवर आपल्या हातच्या साठ मेणबत्त्या शेवटचा पाहुणा जेवेपर्यंत तेवत राहतील.

"अहो, पण हॉलवाल्यांकडे वीज असेलच की," पद्मजाबाई म्हणाल्या.

"वीज काय, सगळ्यांकडेच असते, पद्मजाताई. आमच्याकडे लाख वाती वळलेले हात आहेत. दोन हात."

"चार," गुरुदत्त पुटपुटले.

"बघू हं," पद्मजाबाईंनी फराळाची बशी खाली ठेवली. "विझल्याच तर असू देत म्हणून मी आपली बॅटरी घेऊन येईन पर्समधून."

शब्द दिला गेला होता, आणि तोही व्याह्यांसमोर. वसुंधराबाईंच्या दृष्टीने लग्नातली बाकी सगळी कार्ये यापुढे दुय्यम झाली. मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी, १७ डिसेंबरला, त्यांनी साडेसात सेंटिमीटर व्यासाच्या साठ नव्या बरण्या आणल्या, चंदनाचे तेल घातलेले मेण ओतले आणि साठ फुलवाती उभ्या केल्या. बरण्यांबरोबर आलेली धातूची साठ झाकणे 'शोभेची' म्हणून खोक्यात भरून ठेवली.

मिताली बेलापूरला नोकरी करते आणि तिला घड्याळ पाहण्याची सवय आहे. ३ जानेवारीच्या रविवारी तिने साठांतली एक बरणी लावली, मोबाइलवर वेळ लावली आणि समोर खुर्ची घेऊन बसली. अडतिसाव्या मिनिटाला ज्योत गेली. तिने पुन्हा लावली. ती एकविसाव्या मिनिटाला गेली. तिसऱ्यांदा तर वात पेटलीच नाही, मेणात आडवी पडली.

"आई, ही विझतेय."

"विझत नाही, तिची वेळ झाली."

"अडतीस मिनिटांत? लोक सूप पीत असतील तेव्हा!"

"तू सारखी बघत बसलीस तर काय होणार? दिव्याकडे असं टक लावून बसू नये."

"आई, त्या बाई बॅटरी घेऊन येणार आहेत. एकदा का ती पर्समधून बाहेर निघाली ना, की पुढची तीस वर्षं दर दिवाळीला निघेल. आणि ती तुला नाही, मला ऐकायला लागेल."

बाईंनी दोष खोलीच्या हवेत, बरणीच्या काचेत आणि मितालीच्या मोबाइलमध्ये शोधून पाहिला. तक्रारदाराच्या घरातली वायर या वेळी स्वतःच्याच घरातली होती, ही अडचण त्यांच्या एकतीस वर्षांच्या अनुभवात बसत नव्हती. मिताली वादात पडली नाही. बाटली किती रुंद असे विचारणारी बाई तिला आठवली. वर्गाच्या जुन्या हजेरीपटावरून तिने पत्ता काढला आणि पनवेलला फहमिदाकडे गेली.

फहमिदाने वही काढली. साडेसात सेंटिमीटरच्या बरणीवर तिच्या चौदा नोंदी होत्या, पण सगळ्या मोगऱ्याच्या तेलावर. चंदनाचे तेल जड. त्याने वात मंदावते, तेव्हा मोगऱ्याचा नंबर चंदनाला चालेलच असे नाही. तिने मितालीकडून तेच मेण, तेच तेल आणि त्याच खोक्यातल्या चार बरण्या मागवल्या. ओतलेले सोया मेण आठदहा दिवस मुरल्याशिवाय खरे जळत नाही, म्हणून परीक्षा १७ जानेवारीला ठरली. तिची एकच अट होती.

"वात मी देते. पण तुझ्या अम्मीने यायचं आणि चार तास इथं बसून बघायचं. मधे उठायचं नाही, चहा टाकायला पण नाही. चहा मी देईन."

"ती नाही येणार, फहमिदाआंटी."

"मग बॅटरीवालीला सांग, सेल नवीन घालून आण."

वसुंधराबाई आल्या. कशा आल्या याचा तपशील मितालीने सांगितला नाही, गुरुदत्तांनीही नाही. हॉलचे दिवे मालवूच द्यायचे नाहीत अशी धमकी मुलीने दिल्याचे मात्र दोघांच्या बोलण्यात येते. सकाळी अकराला खिडक्या लावून, पंखा बंद करून चार बरण्या शिवणयंत्राच्या फळीवर ओळीने ठेवल्या गेल्या. पहिलीत बाईंची फुलवात, उरलेल्या तिन्हींत दोन, तीन आणि चार नंबरच्या विणलेल्या वाती, प्रत्येक अर्धा सेंटिमीटर राखून कापलेली. चारही एकदम लावल्या.

फुलवातीने सगळ्यांत उंच ज्योत घेतली.

"बघ," बाई म्हणाल्या. "सगळ्यांत मोठी कोणाची?"

"ज्योत नका बघू, मॅडम. घड्याळ बघा."

बाविसाव्या मिनिटाला फुलवातीचे डोके काळे पडले. छत्तिसाव्याला ती कलली. एकेचाळिसाव्याला गेली.

"वारा आला," बाई म्हणाल्या.

"खिडकी बंद आहे."

"मग तिची वेळ झाली."

"मॅडम, बरणीत मेण आहे तेवढंच आहे. जेवून झोपलेलं माणूस वेगळं. ही उपाशी झोपलीय." फहमिदाने समजावून सांगितले ते असे: तूप पातळ, ते सैल कापसात आपण होऊन चढते, आणि वाटी असते एवढीशी. सोया मेण जड. ते ओढून वर न्यायला घट्ट विणलेली वात लागते. नाहीतर कापूस स्वतःच जळतो आणि वितळलेल्या मेणात बुडतो.

बाई खुर्चीवरून उठल्या नाहीत, आणि त्यांच्या बाजूने नोंदवण्यासारखी ही या चरित्रातली पहिली गोष्ट आहे.

दोन नंबरची वात जळत राहिली, पण तिने मधोमध विहीर खणली. कडेचे मेण तीन तासांनीही पांढरेशुभ्र होते. चार नंबरचे तळे दीड तासातच काचेला भिडले आणि वातीच्या टोकाला काजळीचा गोंडा धरला. तीन नंबर सावकाश पसरत गेली आणि दोन तास पन्नास मिनिटांनी तळे बरणीच्या कडेला चहूबाजूंनी टेकले. फहमिदाने टेप लावून आकडा लिहिला.

"चारच घे," वसुंधराबाई म्हणाल्या. "ज्योत कशी उठून दिसतेय बघ. हॉलमधे छोटी ज्योत दिसायची नाही."

फहमिदाने पंखा लावला. चार नंबरची ज्योत फडफडली आणि काचेवर आतून काळा पट्टा उमटला. मग तिने बाईंचे बोट धरून त्या बरणीला टेकवले. बाईंनी ते झटकन मागे घेतले.

"हॉलमधे पंखे आहेत ना, मॅडम? आणि पाहुण्यांना हात पण असतात."

शेजारी तीन नंबरची ज्योत पंख्याखाली वाकत होती आणि सरळ होत होती.

यापुढची वहीतली नोंद जशीच्या तशी देतो: '३.०५ ते ३.०९. मॅडम गप्प.' देवस्थळी कुटुंबाच्या इतिहासात एवढ्या लांबीच्या मौनाची ही एकमेव लेखी नोंद असावी.

"माझी बरणी जरा रुंद होती," शेवटी बाई म्हणाल्या.

"चारही एकाच खोक्यातल्या आहेत."

"हं. ही तीन नंबरची तुझ्याकडे साठांना पुरेल एवढी आहे?"

होती. २३ ते २६ जानेवारी या चार दिवसांत रोडपालीच्या स्वयंपाकघरात साठ बरण्यांतले मेण पुन्हा वितळवले गेले. चकत्या फहमिदाने चिकटवल्या, वाती मितालीने सरळ धरल्या, आणि काढून टाकलेल्या साठ फुलवाती गुरुदत्तांनी एका डब्यात भरून ठेवल्या. डबा अजून आहे. बाईंनी मेण ओतले आणि सर्वांना सूचना दिल्या.

स्वागतसमारंभ २१ फेब्रुवारीच्या रविवारी, संध्याकाळी सहा ते नऊ. सव्वासहाला दिवे मालवले गेले. व्यवस्थापकाने सुरक्षेसाठी दोन ट्यूब चालू ठेवल्या, त्यांचाही उल्लेख स्मरणिकेत नाही. साठ बरण्या लागल्या. आठव्या टेबलावर फहमिदा मनगटावरचे घड्याळ टेबलावर काढून ठेवून बसली होती. सातला सगळ्या जळत होत्या. आठलाही. साडेआठच्या सुमारास एका पाहुण्याने बाविसाव्या टेबलावरच्या बरणीत विडा चघळून झाल्यावर उरलेले टाकले आणि ती गेली. म्हणजे एकोणसाठ, पण त्या गेलेल्या ज्योतीचा दोष वातीकडे जात नाही. पद्मजाबाईंची पर्स मांडीवर होती आणि ती उघडली गेली नाही. शब्द राहिला.

तेव्हाच वसुंधराबाईंनी ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि लाख वाती, चातुर्मास, हाताला असलेले वळण यांवर सात मिनिटे भाषण केले. तीन नंबरचा उल्लेख आला नाही. आठव्या टेबलाचाही नाही. टाळ्या झाल्या. फहमिदाने आइसक्रीम संपवले.

पण योग्य वातीचा एक गुण बाईंनी लक्षात घेतला नव्हता. ती विझत नाही. सव्वानऊला पाहुणे निघाले, सतरंज्या गुंडाळायला माणसे आली, आणि एकोणसाठ ज्योती जशाच्या तशा होत्या. त्यांची वेळ व्हायला अजून तीस-पस्तीस तास होते.

"मॅडम, हॉल बंद करायचाय," व्यवस्थापक म्हणाला आणि पहिल्या बरणीवर वाकून त्याने गाल फुगवले.

"फुंकायचं नाही!" बाई ओरडल्या. "दिवा फुंकत नाहीत!"

"मग काय करू? यांना घरी सोडायला गाडी बोलावू?"

बाईंनी हारातली ओली शेवंती काढून एका ज्योतीवर ठेवली. फूल मेणात चिकटले आणि ज्योत त्याच्या पाकळ्यांतून वर आली. मागून पद्मजाबाईंचा आवाज आला, "आमची बॅटरी बटणावर बंद होते हो."

वसुंधराबाई एकोणसाठ ज्योतींच्या मध्ये पैठणीचा पदर सावरत उभ्या होत्या. मग त्या आठव्या टेबलापाशी गेल्या. दीड वर्ष मेणबत्त्या शिकवणाऱ्या त्या बाईंनी मेणबत्तीबद्दल पहिलाच खराखुरा प्रश्न विचारला.

"फहमिदा, आता यांचं काय करायचं गं?"

"झाकणं कुठायत?"

"झाकणं? ती शोभेची... मागे खोक्यात."

"ती ठेवा वरून. आतली हवा संपली की आपसूक जाते. फुंकायला नको, काही नको."

खोके आणले गेले. पहिले झाकण वसुंधराबाईंनी ठेवले आणि काचेआड ज्योत लहान होत, निळी होत जाईपर्यंत त्या पाहत राहिल्या. मग दुसरे. नवरी शालू खोचून एका रांगेला लागली, गुरुदत्त दुसऱ्या. पद्मजाबाईंनीही, पर्स काखेत मारून, दहाबारा झाकणे ठेवली. "वात चांगली आहे हो," त्या म्हणाल्या. वसुंधराबाईंनी तोंड उघडले, आठव्या टेबलाकडे पाहिले आणि मिटले. त्यांच्या बाजूने नोंदवण्यासारखी ही दुसरी गोष्ट, आणि शेवटची.

छायाचित्रकाराने याच वेळी एक फोटो काढला. मूळ प्रतीत बाई बरणीवर वाकल्या आहेत आणि शेजारी उभी फहमिदा त्यांना पुढचे झाकण देत आहे. स्मरणिकेत तोच फोटो आहे, पण उजवी बाजू कापलेली. डावीकडे बाई, मध्ये बरणी, आणि काठावर कोपरापासून तुटलेला एक हात, त्यात झाकण. खाली छापले आहे: 'दिव्यांचा निरोप घेताना वसुंधराताई.' दोन वर्षांत साठ झाकणांचे 'आपोआप' कसे झाले ते वर सांगितलेच आहे. संकुलातल्या बायकांनी हा लेख वाचून त्या दिवाळीत फुलवातीच्या बरण्या केल्या, असे गुरुदत्त सांगतात. किती मिनिटे जळल्या हे त्यांना माहीत नाही. कोणी बसून पाहिले नाही.

स्मरणिका मी फहमिदाकडे घेऊन गेलो. तिने ते पान वाचले आणि फोटोतला हात ओळखला. मग चष्मा वर करून विचारले, "बरणी केवढी, वात किती नंबरची, हे कुठं लिहिलंय?"

"नाही लिहिलेलं."

"मग यात वाचायचं काय?" ती म्हणाली, आणि स्मरणिका मला परत देऊन तिने यंत्राची सुई ओवली.